कापशीचं काळं

लिंबाजीमामा,

काल तुमचं तेरावं झालं आणि आज अमावस्या. सकाळी दवाखान्याचं फाटक उघडून मी आत आलो, स्टोव्ह पेटवून सुया उकळायला ठेवल्या आणि मागे वळलो तर कापशी खोड्यात उभी. एकटीच. ना लगाम, ना पाठीवर झूल, ना पुढे तुम्ही. मस्तगडातल्या तुमच्या तबेल्यातून निघून, बाजारातल्या सायकली आणि हातगाड्या चुकवत ती पांढरी घोडी आपल्या आपण इथवर आली होती, जनावर आवळून धरायच्या त्या लाकडी खोड्यात आपण होऊन शिरली होती आणि शेपूट एका अंगाला करून उभी राहिली होती. दर अमावस्येला तुम्ही तिला तसंच उभं करत होता.

"काय गं, मामा कुठायत?" मी सवयीनं विचारलं. तेराव्याचं जेवण आदल्या दिवशी जेवून आलेला माणूस मी, तरी विचारलं. तिने कान वळवला. माझ्याकडे नाही. तुम्ही तिच्या मानेशी उभं राहून तंबाखू मळायचात, त्या रिकाम्या जागेकडे. थोड्या वेळाने ती खोड्यातून मागे सरकली, पडवीतल्या बाकासमोर आली आणि मान खाली घालून थांबली. नाक जमिनीला टेकलेलं नव्हतं, वीतभर वर होतं. खाली ना गवत, ना भुसा. मी दोनदा हाकललं तरी हलली नाही. मला तेव्हा काही कळलं नाही.

तुम्ही टांगा किती वर्षं चालवला, लग्नाच्या किती वराती काढल्या, हे काल सगळ्यांनी बोलून झालं. त्यातलं अर्धं खोटं होतं, पण तुम्हाला आवडलं असतं. मला त्यात पडायचं नाही. आपण दोघं आठ वर्षं एकाच गोष्टीवरून भांडलो, घोड्याच्या अंगावर येणाऱ्या आवाळवांवरून. कापावं की बांधावं, जाळावं की तसंच राहू द्यावं. ते भांडण तुम्ही जिंकलात आणि जिंकल्यामुळेच गेलात. मला राग त्याचा आहे.

मी सरकारी जनावरांचा डॉक्टर होऊन जालन्यात आलो ते दुष्काळाच्या आदल्या वर्षी. स्टेशनवर तुमच्या टांग्यात ट्रंक टाकली आणि भाड्याची खोली शोधायला निघालो. तीन घरी खोली रिकामी होती; आडनाव आणि गाव विचारल्यावर तिन्ही घरी अचानक पाहुणे यायचे निघाले. चौथ्या घरापाशी तुम्ही मला उतरूच दिलं नाहीत. "बसा. घोडं दमलं माझं," म्हणालात आणि टांगा थेट तुमच्या दारात नेऊन उभा केलात. तबेल्याला लागून असलेल्या खोलीत मी दोन वर्षं राहिलो. सगळ्या जगाला रामराम घालणारे तुम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी मला म्हणालात, "जयभीम डाक्टर." इतकं सहज म्हणालात की मी उत्तर द्यायला विसरलो.

पुढे माझ्या लग्नात तुम्ही कापशीला घेऊन मंठ्याकडच्या आमच्या खेड्यात आलात. आमच्या वस्तीतला नवरदेव गावातल्या मोठ्या रस्त्याने घोडीवरून कधी गेला नव्हता. तुम्ही लगाम धरून पुढे चालत होता, कुणाकडे न बघता, आणि सारा वेळ घोडीशी पाऊसपाण्याच्या गप्पा मारत होता. ओट्यावरची माणसं बघत राहिली. तुमची पाठ मला समोर दिसत होती, घामाने भिजलेली. त्या दिवसाबद्दल मी तुमच्याशी कधी बोललो नाही. बोलायला हवं होतं.

आपलं भांडण सुरू झालं सुलतानपासून, तुमच्या टांग्याच्या तांबड्या घोड्यापासून. त्याच्या मांडीच्या आत बोराएवढी चामखीळ होती आणि छातीवर, पट्टा घासतो तिथे, सुपारीएवढं खरबरीत आवाळू. मी कॉलेजातून नवा आलेला, हात शिवशिवत होते. दोन्ही कापू म्हणालो. "मांडीतली माझी, छातीवरलं तुमचं," तुम्ही म्हणालात, "बघू कोन हारतंय." तुम्ही सुलतानच्याच शेपटीचा केस उपटून चामखिळीच्या मुळाशी बांधलात आणि रोज थोडा आवळत गेलात. बाराव्या दिवशी ती वाळून गळाली. मी आवाळू कापलं, बधिर करून, भोवतालची बोटभर चांगली कातडीही काढून, अगदी पुस्तकात होतं तसं. महिन्यात जखम भरली आणि मी तुम्हाला चार माणसांत टोमणे मारले. तिसऱ्या महिन्यात त्याच जागी मुठीएवढं मांस वर आलं आणि शेजारी दोन पिल्लं.

तुमच्या चामखिळीचीही एक गोष्ट आहे, ती मी कुणाला सांगत नाही. गळालेली चामखीळ तुम्ही मूठभर मिठात ठेवून तबेल्यामागच्या कडुलिंबाखाली पुरलीत आणि वर एकट्याने उचलणार नाही असा दगड आपण दोघांनी मिळून सरकवला. दुसऱ्या दिवशी मीच हट्ट धरला की ती बघायची, कापून आत काय आहे ते बघायचं. दगड जिथे होता तिथेच होता. खाली मीठ होतं तसं होतं, कोरडं, पांढरं. त्याच्या मधोमध बोराएवढा खळगा होता आणि तो रिकामा होता. "मुंग्यांनी नेली असंल," मी म्हणालो. तीन महिन्यांनी छातीवर ते मांस आलं तेव्हा त्यावर तळहात ठेवून म्हणालात, "हे तेच हाय. जाऊन आलं." मी हसलो. पण मिठातला तो खळगा मला आजही दिसतो.

मग मला जे जे येत होतं ते सगळं मी त्या घोड्यावर केलं. दुसऱ्यांदा कापून तापल्या सळीने डाग दिला. मोरचूद लावून बघितला. तुम्ही कुठून तरी सोमलाचा लेप आणलात. त्याने मांस झडलं आणि त्याच्याखालची चांगली कातडीही झडली. त्याच मांसाचा तुकडा खलात वाटून, गाळून, मी त्याची लस केली आणि सुलतानलाच टोचली. पिल्लं दोन्ही सुकली, मोठं तसंच राहिलं. प्रत्येक वेळी हात लावला की महिनाभर गप्प बसायचं आणि मग पहिल्याहून जोरात वर यायचं. शेवटी पट्टा चढेना. तुम्ही सुलतानला विकलं नाहीत, टेंभुर्णीला तुमच्या शेतात मोकळं सोडलंत. तिथेच जखमेत किडे पडून तो गेला. तुम्ही मला शब्दाने दुखवलं नाहीत. नुसतं म्हणालात, "बसल्यालं व्हतं, डाक्टर. आपुन उठवलं."

हे वाक्य तुम्ही पुढे पन्नास वेळा म्हणालात. मी पन्नास वेळा चिडलो.

कापशी तुमच्याकडे आली तेव्हा काळीभोर शिंगरू होती म्हणे. मी आलो तेव्हा राखी होती आणि माझ्या लग्नापर्यंत कापसासारखी झाली. पांढरी घोडी बहुतेक अशीच होते, काळी जन्मते आणि वर्षावर्षाला निवळत जाते. तीन वर्षांपूर्वी एका वरातीसाठी सजवताना तुम्हाला तिच्या शेपटीखाली दोन काळी आवाळवं लागली. करवंदाएवढी, गुळगुळीत, तेल लावल्यासारखी चमकणारी. मला निरोप आला तो असा, की डाक्टरला बोलवा पण चाकू दवाखान्यात ठिवून या म्हणावं.

"ही काळी जन्मली ना?" तिची शेपूट हातात धरून तुम्ही मला विचारलंत. "मंग ते काळं गेलं कुठं? केसातून उतरलं, आत गेलं आन एका जागी बसलं. तिचंच हाय ते. बसू द्या तेला."

मी शेपटीखालून डोकं काढून तुमच्याकडे बघितलं, कारण पुस्तकात जवळजवळ हेच लिहिलेलं होतं, फक्त इतकं चांगलं लिहिलेलं नव्हतं. पांढऱ्या घोड्यांना उतारवयात हे काळं येतंच. बहुतेकांना त्याचा काही त्रास होत नाही, वर्षानुवर्षं ते बसून राहतं. फोडलं तर आतून शाईसारखं काळं पाणी येतं आणि जखम भरता भरत नाही. लीद अडली किंवा ते आपण होऊन फुटलं तरच हात घालायचा. इतक्या वर्षांत पहिल्यांदा आपलं एकमत झालं आणि मला त्याचा इतका आनंद झाला की मी मास्तरासारखा बोट वर करून म्हणालो, "काळं असेल, दुखत नसेल, तर मामा, हात लावायचा नाही. फक्त नजर ठेवायची." तुम्ही मला त्या दिवशी बाजारातून आणून गरम भजी खायला घातलीत.

नजर कशी ठेवायची तेही मीच शिकवलं. तुम्हाला आकडे वाचता येत नव्हते आणि फुटपट्टी घोडीच्या शेपटीखाली चालत नाही. मी टाके घालायचा पांढरा दोरा दिला. दोऱ्याचं टोक धरून दोन्हींतल्या मोठ्या आवाळवाच्या कडेने एक फेरा घ्यायचा आणि फेरा पुरा होईल तिथे गाठ मारायची. पुढच्या खेपेला त्याच टोकापासून पुन्हा. गाठही साधी नाही, निसटेल म्हणून टाक्याची गाठ शिकवली: दोन वेढे, मग उलटा एक. तुम्ही ती चार दिवस लगामाच्या दोरीवर घटवलीत. गाठी एकमेकींजवळ पडत राहिल्या तर काही करायचं नाही. पुढे पळायला लागल्या तर त्याच दिवशी माझ्याकडे यायचं. "त्याच दिवशी, मामा." "बिलकुल," तुम्ही म्हणालात. अमावस्येला तुम्ही टांगा जुंपत नव्हता, म्हणून मापाचा दिवस अमावस्या ठरला. पुढे तर तुम्ही दर खेपेला घरी माप घेऊन तिला दवाखान्यातल्या खोड्यात आणून दाखवू लागलात. पांढरा दोरा तुमच्या तंबाखूच्या चंचीत राहू लागला.

आपलं एक भांडण अर्धंच राहिलं. गेल्या वर्षी गाईंच्या कृत्रिम रेतनासाठी दवाखान्यात तो गोठवणारा द्रव आला, झाकण उघडलं की थंड धूर सोडणारा. मी तुम्हाला सांगितलं की परदेशात आवाळवं आता याने गोठवून मारतात, सुलतान आज असता तर करून बघितलं असतं. तुम्ही त्या धुरात हात घातलात आणि पटकन काढून घेतलात. "गोठलं म्हंजी मेलं का झोपलं?" विचारलंत. मी म्हणालो, मेलं. तुम्ही म्हणालात, "कशावरून?" तेवढ्यात कुणी तरी लंगडी शेळी घेऊन आलं.

गेल्या शिमग्यापासून कापशीला एक खोड लागली. तुम्ही बाजेवर बसलात की ती यायची, मान खाली घालायची आणि तुमच्या डाव्या पावलापाशी नाक धरून उभी राहायची. चाटायची नाही, चावायची नाही, नुसता श्वास घ्यायची. चप्पल काढून ठेवलीत तर डाव्या चपलेवर नाक. उजव्या पायाकडे तिने कधी बघितलं नाही. शेण तुडवलं असेल, मी म्हणायचो. "वय झालं तिचं, पाया पडाया शिकली," तुम्ही म्हणायचात आणि आपण हसायचो. तुमची बहीण, गोदाक्का, हसायची नाही. नवरा गेल्यावर सासरच्यांनी घालवून दिलेली, वीस वर्षं तुमच्याच घरात राहून वरातीच्या आधी काळ्या दोऱ्याने कापशीची आयाळ गुंफणारी. ती एकदाच म्हणाली, "जनावर उगं कुठं नाक लावत न्हाई, दादा." तुम्ही तिला दुसऱ्या कामाला लावलंत.

आता सर्वपित्री अमावस्येचं सांगतो. तुम्ही भर दुपारी दवाखान्यात आलात ते कापशीशिवाय. मी एका बैलाचं सडलेलं शिंग करवतीने कापत होतो. शिंगाच्या मुळात आवाळू झालं होतं. चार माणसं बैलावर पडून होती, रक्त भिंतीपर्यंत उडालं होतं. तुम्ही पडवीतल्या त्या बाकावर बसलात, उजवा पाय मांडी घालून वर घेतलेला, डावा खाली सोडलेला.

"कापशी कुठं?" मी आतून ओरडलो.

"आज ती न्हाई आली."

"माप घेतलं का?"

"घेतलं. बराबर हाय तिचं."

"मग तुम्ही कशाला तंगडतोड केली?"

तुम्ही करवतीकडे बघत होता. "असंच आल्तो," म्हणालात. कंपाउंडरने दिलेला चहा अर्धा प्यालात. मी हात धुऊन बाहेर आलो तेव्हा बाक रिकामा होता आणि कपात चहावर साय धरली होती. फाटकाबाहेर तुम्ही जाताना दिसलात, डावं पाऊल बाहेरच्या कडेवर टाकत. मी ते बघितलं, मामा. घोड्याने एक पाय असा टाकला असता तर मी धावत जाऊन खूर उचलून बघितला असता.

दिवाळीनंतर तुम्ही पायाला फडकं बांधायला लागलात. नाल ठोकताना खिळा लागला, म्हणालात. मग जांघेत गोळा आला आणि तुमच्या भाच्याने तुम्हाला औरंगाबादच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी पायाचा तळवा बघितला, गोळा बघितला आणि मथुरामामींना विचारलं की हे काळं कधीपासून आहे. मामींना माहीतच नव्हतं. आता कापूनही उपयोग नाही, घरी न्या, असं ते म्हणाले. मी भेटायला आलो तेव्हा तुम्ही वाळून गेला होता, पण डोळे तेच होते, मिस्कील. "कापशीचं बघत जा," एवढंच सांगितलंत. पाय चादरीखाली होता. मी चादर उचलली नाही.

आज सकाळी कापशीला घेऊन मी तुमच्या घरी गेलो. मापाचा दोरा हवा होता. मथुरामामी चूल सोडून उठल्या आणि तुमची चंची चिमट्यात धरून घेऊन आल्या. चिमट्यात, निखारा धरावा तशी. ओट्यावर टाकून म्हणाल्या, "तुमचे शिकल्याले हात. तुमीच बघा आत काय हाय."

आत दोन दोरे होते. एक पांढरा, मळून पिवळा झालेला, तीन वर्षांच्या गाठी दोन बोटांच्या रुंदीत दाटीने बसलेल्या. दुसरा काळा. त्याच्यावर नऊ गाठी.

"करणी हाय ती," मामी म्हणाल्या. त्यांचा आवाज कापत नव्हता, तेच मला भयंकर वाटलं. "अमुशाअमुशाला बांधली. दोरा गोदीच्या रिळाचा हाय, म्या वळखते. गल्लीत समदे म्हनून राह्यले. तेच्या पायात घातलं तिनं काळं. उद्या तिचा दीर येऊन राह्यला, घेऊन जाईन तिला."

गोदाक्का तबेल्यात बसली होती. पाच दिवसांपासून तिथेच होती, ताट उंबऱ्याबाहेर ठेवलं जात होतं. ज्या घराने तिला वीस वर्षांपूर्वी हाकललं होतं तिथे उद्या तिला भावाला खाल्लेली बाई म्हणून पाठवणार होते. ती माझ्याकडे बघत नव्हती, गवताच्या काड्या मोडत होती.

मी काळा दोरा हातात घेतला. पहिली गाठ टोकापासून करंगळीभर. दुसरी तिच्या जवळच. तिसरी, चौथी थोड्या पुढे. सहाव्या गाठीनंतर मोठी उडी होती आणि तिथे सातवी. सातवी कोणत्या अमावस्येची हे मला मोजावं लागलं नाही. आठवी आणखी लांब, नववी जवळजवळ दोऱ्याच्या शेवटी. प्रत्येक गाठ दोन वेढे, मग उलटा एक. जालन्यात ही गाठ दवाखान्याबाहेर एकच माणूस मारत होता. बोटांखाली त्या नऊ गाठी चालत गेल्या आणि मला वाटलं, मी तुमच्या तळपायावरून हात फिरवतोय.

तुम्ही माझं सगळं ऐकलंत, मामा. काळं होतं, दुखत नव्हतं, म्हणून हात लावला नाहीत. नजर ठेवलीत. दर अमावस्येला माप घेतलंत, आधी घोडीचं, मग स्वतःचं. आणि गाठ पुढे पळाली त्याच दिवशी माझ्याकडे आलात. ती गोष्ट पांढऱ्या घोडीपुरती आहे, माणसाच्या अंगावरचं काळं असं बसून राहत नाही, ते वाढायला लागलं की लवकरात लवकर कापावंच लागतं, हे एक वाक्य मी तुम्हाला कधी बोललो नव्हतो. मला ते माहीत होतं. कुणी विचारलं नव्हतं, एवढंच. तुम्ही सुलतानची छाती बघितली होती, त्या दिवशी भिंतीवरचं रक्त बघितलंत आणि तुमचं तुम्ही ठरवलंत.

खरं सांगतो, त्या ओट्यावर मी गप्प बसायचा विचार केला. दोरा खिशात घालायचा, मामींना म्हणायचं मी बघतो, आणि निघून यायचं. या शहरात पहिल्यांदा ज्या घराने मला आत घेतलं ते घर आज माझ्या तोंडाने बंद होणार होतं. कापशी माझ्या शेजारी उभी होती. तुमच्या चपला अजून बाजेखालीच होत्या. ती पुढे गेली आणि डाव्या चपलेवर नाक ठेवून उभी राहिली. मामींनी तिला हाकललं नाही. त्या दुसरीकडे बघायला लागल्या.

मी म्हणालो, "मामी, या गाठी मी शिकवलेल्या आहेत."

मग सगळं सांगितलं. पांढऱ्या दोऱ्याच्या टोकाला त्यांच्यासमोर एक गाठ मारली, दोन वेढे, मग उलटा एक, आणि काळ्या दोऱ्याशेजारी धरली. मामींना गाठी कळतात, जन्मभर दावी बांधली आहेत त्यांनी. त्यांनी वाकून बघितलं, मग काळा दोरा हातात घेतला. पहिल्यांदाच हातात घेतला. तबेल्यातून गोदाक्काचा आवाज आला, कुणाला उद्देशून कळलं नाही. "दोरा मागायचा माझ्याकडं. हितंच बसायचा, पाय मांडीवर घिऊन. मला वाटायचं काटा काढून राह्यला."

मामी दोऱ्यावरून बोट फिरवत राहिल्या. नवव्या गाठीपाशी थांबल्या. "वाढलं तवा तुमच्याकडं या म्हनले व्हते ना तुम्ही? मंग आले का न्हाईत ते?"

"आले होते," मी म्हणालो. "सातव्या गाठीला आले होते. मी विचारलं नाही."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग उठून तबेल्याच्या दारापर्यंत गेल्या आणि म्हणाल्या, "गोदे, ऊठ. घरात चल, चहा ठिवला." गोदाक्का उठेना म्हणून हाताला धरून आत घेऊन गेल्या. मला चहा विचारला नाही. बराबर केलं त्यांनी.

कापशीचं माप मी एकट्यानेच घेतलं. शेपूट बाजूला केली, दोरा फिरवला. नवी गाठ जुन्या गाठींच्या गर्दीत जाऊन बसली, केसभरही पुढे नाही. तिचं काळं जिथे बसलंय तिथेच आहे. तिच्या बाबतीत आपण दोघंही बरोबर होतो.

मी निघालो तेव्हा मागे टापा ऐकू आल्या. मस्तगडापासून दवाखान्यापर्यंत ती माझ्या तीन पावलं मागे चालत आली. मी थांबलो की थांबायची. लोक वाट देत होते आणि माझ्याकडे नाही, माझ्या शेजारच्या जागेकडे बघत होते, तिथे कुणी असल्यासारखे. मी शेजारी बघितलं नाही.

आता दुपारचे चार वाजलेत. कंपाउंडर जेवायला गेलाय. मी हे लिहितोय आणि कापशी सकाळसारखीच बाकासमोर उभी आहे, मान खाली, नाक जमिनीपासून वीतभर वर. उजवा पाय वर घेऊन बसलेल्या माणसाचा डावा पाय जिथे लोंबकळतो, बरोबर तिथे. सकाळी मला कळलं नव्हतं.

लेखणी थोडी खाली ठेवतो, मामा. हात साबणाने धुतलेत. खूर बघताना बसतो ते बुटकं स्टूल बाकासमोर ओढून घेतलंय.

स्टुलावर बसलो. दोन्ही तळहात पुढे केले, तिच्या नाकाखाली. जे त्या सर्वपित्रीला म्हणायचं होतं ते मोठ्याने म्हणालो. "मामा, चप्पल काढा. डावा पाय माझ्या हातात द्या." तिचा श्वास माझ्या मनगटांवर येत होता, ऊन. तिने बराच वेळ मान उचलली नाही. मीही हात मागे घेतले नाहीत.